महाविद्यालयीन विद्यार्थी आणि आत्मकरुणा

छत्रपती संभाजीनगर शहराच्या पश्चिमेस, खाम नदीच्या काठी छावणीचा परिसर आहे. या छावणीला लागूनच नागसेनवन हा विस्तीर्ण शैक्षणिक परिसर वसलेला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४५ साली स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबाद येथे महाविद्यालय सुरू केले आणि १ सप्टेंबर १९५१ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसविण्यात आली. हेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ख्यातनाम झाले. मराठवाडा त्या वेळी हैदराबाद राज्याचा भाग होता आणि या विभागात उच्च शिक्षणाच्या सोयी अत्यंत तुटपुंज्या होत्या. २३ ऑगस्ट १९५८ रोजी याच शहरात मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. १४ जानेवारी १९९४ पासून ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ या नावाने ओळखले जाते.

या दोन संस्थांच्या आश्रयाने ज्यांच्या घरात पूर्वी कोणी शाळेची पायरी चढले नव्हते अशा कुटुंबांतील मुले-मुली पदवीधर झाली, अध्यापक, अधिकारी, वकील व लेखक झाली. शिक्षणाचे दार उघडण्याचे कार्य अशा रीतीने पुष्कळ अंशी झाले. परंतु दारातून आत आलेल्या विद्यार्थ्याच्या मनाचे काय होते, अपयश पदरी पडल्यावर तो स्वतःशी कसा वागतो, हा प्रश्न तितक्याच महत्त्वाचा असूनही त्याकडे फार काळ दुर्लक्ष झाले. अलीकडे मानसशास्त्रात ‘आत्मकरुणा’ या संकल्पनेचा जो अभ्यास झाला आहे, तो या प्रश्नाच्या संदर्भात शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्य या सर्वांनी समजून घेण्याजोगा आहे.

प्रश्नाचे स्वरूप

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या क्षेत्रात आज छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड व धाराशिव हे चार जिल्हे येतात. येथील विद्यार्थ्यांमध्ये खेड्यातून आलेल्यांची संख्या मोठी आहे. छावणी, बेगमपुरा, पहाडसिंगपुरा या भागांत तिघे-चौघे मिळून भाड्याची खोली घेऊन राहणारे विद्यार्थी सर्वांच्या परिचयाचे आहेत. कोणाचा डबा गावाहून एस. टी. ने येतो, कोणी खानावळीत जेवतो, कोणी ‘कमवा व शिका’ योजनेत काम करून खर्च भागवितो. घरची शेती बहुधा कोरडवाहू असते. ज्या वर्षी पाऊस दगा देतो त्या वर्षी घरून येणारे पैसे आधी थांबतात आणि अभ्यासावरचे लक्ष मागाहून उडते.

अशा परिस्थितीतील एक विद्यार्थी डोळ्यांपुढे आणावा. बारावीपर्यंतचे शिक्षण मराठीत झालेले. विज्ञान शाखेच्या प्रथम वर्षात मात्र व्याख्याने व पुस्तके इंग्रजीत. पहिल्या सत्राचा निकाल लागतो आणि दोन विषय राहतात. वस्तुतः ही एक दुरुस्त होण्याजोगी अडचण आहे. ते विषय पुन्हा देता येतात, इंग्रजीचा सरावही वाढविता येतो. परंतु विद्यार्थी मनाशी जे बोलतो ते निराळेच असते. आपण मुळातच नालायक आहोत, वडिलांच्या घामाचा पैसा आपण वाया घालविला, वर्गातील इतर सर्वांना जमते ते आपल्यालाच जमत नाही, असा निवाडा तो स्वतःविरुद्ध देऊन टाकतो. मग तो वर्गात जाणे टाळतो, घरी फोन करणे टाळतो, मित्रांपासून दूर राहतो आणि पुढच्या परीक्षेचा अर्जही भरत नाही. दोन विषयांतील अपयशाने जेवढे नुकसान झाले नसते, त्याहून किती तरी अधिक नुकसान या निवाड्याने होते.

हा प्रश्न किती गंभीर आहे हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीवरून दिसून येते. २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद आहे. त्यांपैकी १,७६४ विद्यार्थी महाराष्ट्रातील होते आणि ही संख्या सर्व राज्यांत सर्वाधिक होती. अशा प्रत्येक घटनेमागे अनेक कारणे गुंतलेली असतात आणि एखादी परीक्षा किंवा एखादा प्रसंग यांवर सारा दोष टाकणे शास्त्रीयदृष्ट्या चुकीचे ठरते. परंतु संकटाच्या वेळी मनुष्य स्वतःचा शत्रू होतो की सोबती होतो, यावर पुष्कळ काही अवलंबून असते, हे निश्चित.

नागसेनाचा दाखला

नागसेनवन आणि मिलिंद महाविद्यालय या दोन्ही नावांमागे एक प्राचीन संवाद आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात वायव्य भारतात राज्य करणारा ग्रीक राजा मिनँडर, म्हणजेच मिलिंद, आणि भिक्खू नागसेन यांच्यामधील प्रश्नोत्तरे ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात आली आहेत. त्यांतील एक प्रश्न प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने फार उद्बोधक आहे.

संसार सोडलेल्या भिक्खूंना आपले शरीर प्रिय असते काय, असे राजा विचारतो. नागसेन नाही म्हणतो. मग तुम्ही त्या शरीराची एवढी निगा का राखता, असा राजाचा पुढला प्रश्न असतो. त्यावर नागसेन राजाला युद्धाची आठवण करून देतो. लढाईत बाण लागून झालेल्या जखमेला आपण लेप लावतो, तेल लावतो, मऊ कापडाची पट्टी बांधतो. ते काही जखम आवडते म्हणून नव्हे, तर ती भरून यावी म्हणून. भिक्खू शरीराची काळजी घेतात तीही अशीच.

नागसेनाचे हे उत्तर शरीरासंबंधी होते, पण मनाच्या जखमेलाही ते चपखल लागू पडते. अपयश आलेल्या विद्यार्थ्याने स्वतःशी ममतेने वागावे असे म्हटले की, पुष्कळांना ती लाडावण्याची भाषा वाटते. जखमेची शुश्रूषा म्हणजे जखमेचे कौतुक नाही, हे एकदा ध्यानी आले की आत्मकरुणेचा अर्थ समजण्यास अडचण पडत नाही.

आत्मकरुणेची तीन अंगे

करुणेचा विचार भारतीय परंपरेला नवीन नाही. मैत्री, करुणा, मुदिता व उपेक्षा या चार भावना बौद्ध साधनेत सांगितल्या आहेत आणि पतंजलीच्या योगसूत्रांतही त्यांचा निर्देश आहे. बौद्ध परंपरेतील मैत्रीभावनेचा आरंभ साधकाने स्वतःपासून करावयाचा असतो. स्वतःचे मंगल चिंतावे आणि मग ती भावना आप्त, तटस्थ व शत्रू यांच्यापर्यंत पसरत न्यावी, असा तो क्रम आहे. अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी या परंपरेतून प्रेरणा घेऊन २००३ साली आत्मकरुणेची शास्त्रीय व्याख्या मांडली आणि ती मोजण्यासाठी २६ विधानांची एक प्रश्नावली सिद्ध केली.

त्यांच्या मांडणीनुसार आत्मकरुणेची तीन अंगे आहेत. पहिले अंग म्हणजे स्वतःविषयी ममत्व. जिवलग मित्र नापास झाला असता आपण त्याच्याशी ज्या शब्दांत बोलू, त्याच शब्दांत स्वतःशी बोलणे. दुसरे अंग म्हणजे सहभागाची जाणीव. चुकणे, हरणे, कमी पडणे हे सर्व मनुष्यमात्राच्या वाट्याला येते, ते आपल्याच कपाळी लिहिलेले नाही, ही ओळख. तिसरे अंग म्हणजे सजगता. मनातील दुःख दडपून न टाकता आणि त्यात वाहूनही न जाता ते आहे तेवढेच पाहणे. वर वर्णिलेल्या विद्यार्थ्याची स्थिती या तिन्ही अंगांच्या नेमकी उलट असते. तो स्वतःची निर्भर्त्सना करतो, स्वतःला सर्वांहून वेगळा व एकटा समजतो आणि दोन विषयांच्या अपयशाला साऱ्या आयुष्याचे अपयश मानतो.

काही गैरसमज

आत्मकरुणेविषयी तीन गैरसमज नेहमी आढळून येतात. पहिला असा की, ती म्हणजे स्वतःची कीव करणे होय. कीव करणारा मनुष्य आपल्यासारखा दुर्दैवी दुसरा कोणी नाही असे मानतो आणि त्यामुळे अधिकच एकाकी होतो. आत्मकरुणेचे दुसरे अंगच त्याला या एकाकीपणातून बाहेर काढते.

दुसरा गैरसमज असा की, ती म्हणजे स्वतःला श्रेष्ठ समजणे होय. स्वतःचे मोल इतरांशी तुलना करून ठरविण्याची सवय ज्याला जडली आहे, त्याचा अभिमान यशाच्या दिवशी फुलतो आणि अपयशाच्या दिवशी, जेव्हा आधाराची खरी गरज असते तेव्हाच, त्याला सोडून जातो. आत्मकरुणेला अशा तुलनेची आवश्यकता नसते.

तिसरा गैरसमज शिक्षक व पालकांत विशेष रूढ आहे. मुलांना धाक नसेल आणि स्वतःची लाज वाटणार नसेल तर ती अभ्यास करणार नाहीत, अशी त्यांची समजूत असते. ‘छडी लागे छमछम’ ही म्हण आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे. छडी शाळेतून कायद्याने गेली. परंतु पुष्कळ विद्यार्थी ती मनात घेऊनच महाविद्यालयात येतात आणि स्वतःवरच चालवितात.

संशोधन काय सांगते

हा तिसरा गैरसमज संशोधनाने बराचसा दूर केला आहे. नेफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सत्रमध्य परीक्षेत आपण अपयशी ठरलो असे वाटणाऱ्या विद्यार्थ्यांचा समावेश होता. ज्यांच्या ठायी आत्मकरुणा अधिक होती त्यांना अपयशाचे भय कमी वाटत होते आणि इतरांपुढे सरस दिसण्यापेक्षा विषय समजून घेण्याकडे त्यांचा कल अधिक होता. २०१२ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधकांनी आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. अवघड शब्दपरीक्षेत कमी गुण पडलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना स्वतःकडे करुणेने पाहण्यास सांगितले गेले, काहींना स्वतःच्या गुणांची आठवण करून देण्यात आली, तर काहींना काहीच सांगितले नाही. पुढच्या परीक्षेच्या तयारीला सर्वांत अधिक वेळ पहिल्या गटाने दिला. ममतेने मन सैल पडत नाही, ते पुन्हा उठून कामाला लागते, असाच याचा अर्थ होतो.

आत्मकरुणा आणि मानसिक स्वास्थ्य यांच्या संबंधाविषयीही पुष्कळ पुरावा जमा झाला आहे. २०१२ साली ब्रिटनमधील दोन संशोधकांनी तोवरच्या १४ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. ज्यांच्यात आत्मकरुणा अधिक, त्यांच्यात खिन्नता, चिंता व ताण कमी, असा ठळक संबंध त्यांना आढळला. अर्थात असा संबंध आढळला म्हणजे एक गोष्ट दुसरीचे कारण आहे असे आपोआप सिद्ध होत नाही. खिन्न मनुष्याला स्वतःविषयी ममत्व वाटणे मुळातच कठीण जाते, ही गोष्टही ध्यानात ठेवली पाहिजे.

आत्मकरुणा शिकविता येते काय, हा पुढचा प्रश्न. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय अभ्यासात ५२ महाविद्यालयीन विद्यार्थिनींचा समावेश होता. त्यांपैकी ज्यांना तीन आठवड्यांचे आत्मकरुणेचे शिक्षण देण्यात आले, त्यांच्यात आशावाद व आपण हे करू शकू हा विश्वास वाढला आणि त्याच त्या दुःखद विचारांचे चर्वण कमी झाले. कॅनडातील एका अभ्यासात सहभागी व्यक्तींनी सात दिवस रोज स्वतःला एक सांत्वनपर पत्र लिहावयाचे होते. एवढ्या साध्या उपायाचाही खिन्नता कमी होण्यावर झालेला परिणाम तीन महिन्यांनंतर टिकून असल्याचे आढळले.

हा गुण कोणत्याही समाजाची मिरास नाही. २००८ साली अमेरिका, थायलंड व तैवान या तीन देशांतील विद्यार्थ्यांची तुलना करण्यात आली. तीत आत्मकरुणेचे प्रमाण थायलंडमध्ये सर्वांत अधिक व तैवानमध्ये सर्वांत कमी आढळले. तिन्ही देशांत मात्र आत्मकरुणा अधिक तेथे खिन्नता कमी व जीवनाविषयीचे समाधान अधिक, हा संबंध सारखाच होता. मुलांना दैनंदिन जीवनात काय ऐकावयास मिळते, यावर स्वतःकडे पाहण्याची त्यांची दृष्टी घडते, असा निष्कर्ष यातून काढण्यास हरकत नाही.

मर्यादेचे भान

येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. विद्यार्थ्याच्या मनावर झालेली प्रत्येक जखम त्याच्या विचारपद्धतीतून उत्पन्न झालेली नसते. शिष्यवृत्ती वेळेवर न मिळणे, वसतिगृहात जागा न मिळणे, जातीवरून, भाषेवरून किंवा मुलगी म्हणून होणारी अवहेलना, ही बाहेरून लागणारी बाणांची टोके आहेत. ती तशीच ठेवून विद्यार्थ्याला केवळ मलमपट्टी करावयास सांगणे हा अन्याय होईल. डॉ. आंबेडकरांनी शिक्षणाबरोबरच स्वाभिमानाचा आग्रह धरला, त्याचे मर्म हेच आहे. अन्यायामुळे झालेल्या दुःखाबद्दल स्वतःला दोषी न मानणे हा आत्मकरुणेचाच भाग आहे आणि दोष जेथे आहे तेथे तो दाखविण्याचे बळही त्यातूनच येते. यास्तव व्यवस्थेने आपले कर्तव्य करणे आणि विद्यार्थ्याने स्वतःला सांभाळणे ही दोन्ही कामे बरोबरच चालली पाहिजेत.

त्याचप्रमाणे, झोप व भूक दीर्घकाळ उडणे, कशातच मन न लागणे, जगणे नकोसे वाटू लागणे अशी लक्षणे दिसत असतील तर केवळ आत्मकरुणेच्या अभ्यासावर विसंबून राहू नये. अशा विद्यार्थ्याला एकटे न सोडता तज्ज्ञाकडे नेणे हेच त्याच्या निकटच्या माणसांचे काम होय.

कायदा आणि उपलब्ध सोयी

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अंमलात आला. शासनाच्या अर्थसाहाय्याने चालणारी मानसिक आरोग्यसेवा मिळणे हा या कायद्याने प्रत्येक नागरिकाचा हक्क ठरला आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरून तिची काळजी घेण्याचे दायित्वही शासनावर आले आहे. केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेली मानस’ ही सेवा सुरू केली असून १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही विनामूल्य सल्ला मिळतो. छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे, म्हणजे सर्वांना ‘घाटी’ या नावाने परिचित असलेले रुग्णालय छावणीपासून फार दूर नाही, आणि तेथे मानसोपचाराची सोय आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अथवा समाजकार्यकर्ता नेमावा, लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडावा, गुणांवरून विद्यार्थ्यांच्या तुकड्या पाडू नयेत आणि त्यांची जाहीर मानहानी करू नये, असे त्यांत नमूद आहे.

कोणी काय करावे

विद्यार्थ्याने स्वतः करावयाचा अभ्यास साधा आहे. अपयशाच्या क्षणी थोडे थांबून, हे मला जड जात आहे, हे प्रथम कबूल करावे. नंतर, हे माझ्यासारख्या पुष्कळांच्या वाट्याला आले आहे, याचे स्मरण करावे. शेवटी, या ठिकाणी माझा जिवलग मित्र असता तर मी त्याला काय सांगितले असते, हे मराठीतच, आपल्या घरच्या बोलीत, कागदावर लिहून काढावे. त्या पत्राच्या अखेरीस उद्या करावयाचे एक लहानसे काम लिहावे. राहिलेल्या विषयाच्या परीक्षेचा अर्ज भरणे हेही असे एक काम होऊ शकते.

अध्यापकांनी निकाल सांगताना व्यक्ती आणि कामगिरी यांत भेद करावा. उत्तरपत्रिकेत काय चुकले हे स्पष्ट सांगावे, परंतु ‘तुझ्याच्याने होणार नाही’ हे वाक्य शिक्षकाच्या तोंडून कधीही निघू नये. स्वतःला विद्यार्थिदशेत आलेल्या अडचणी वर्गात मोकळेपणाने सांगणारा अध्यापक सहभागाची जाणीव व्याख्यानाविनाच शिकवितो. राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे, वसतिगृहातील सायंकाळ व प्रथम वर्षाचे स्वागतवर्ग ही या शिक्षणाची सोयीची स्थळे आहेत.

अधिकाऱ्यांच्या हाती फार मोठे साधन आहे. शिष्यवृत्ती किंवा डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेची रक्कम वेळेवर खात्यावर जमा झाली, तर कित्येक विद्यार्थ्यांची महिनाअखेरची चिंता दूर होते. समुपदेशकाचे पद केवळ कागदावर भरलेले नाही ना, त्याच्या खोलीत विद्यार्थ्याला संकोच न वाटता जाता येते ना, हेही तपासणीच्या वेळी पाहिले गेले पाहिजे.

पंचायत सदस्यांचे कार्य गावातील वातावरणाशी निगडित आहे. निकालानंतर गुणवंतांचे सत्कार होतात, चौकात फलक लागतात, हे योग्यच आहे. परंतु नापास झालेल्या मुलाला पारावर चारचौघांत त्याचे गुण विचारले जातात, तेव्हा तो सुटीत गावी येणेच टाळू लागतो. गुणवंतांच्या सत्कारासमवेत, राहिलेले विषय पुढील परीक्षेत सोडविणाऱ्या मुलामुलींचाही गौरव एखाद्या ग्रामपंचायतीने केला, तर त्याचा संदेश घराघरांत पोहोचेल. त्यासाठी निधीची गरज नाही आणि शासननिर्णयाचीही नाही. १४४१६ हा क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर ठळक अक्षरांत लिहिण्यासही काही खर्च येत नाही.

सात दशकांपूर्वी छावणीच्या शेजारी उभ्या राहिलेल्या विद्यामंदिराने मराठवाड्यातील उपेक्षित तरुणाला, तू शिकू शकतोस, असे सांगितले. आजच्या विद्यार्थ्याला त्याच्या जोडीला आणखी एक वाक्य ऐकविण्याची गरज आहे. शिकताना तू पडलास तरी उठण्यासाठी लागणारा हात आमच्याजवळ आहे आणि तुझ्याजवळही आहे, हे ते वाक्य होय. ते घर, वर्ग व गाव या तिन्ही ठिकाणी उच्चारले जावे, एवढे दायित्व आपण सर्वांनी स्वीकारावयास हवे.